तुलारामच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

पुंडलिकराव न्हाव्यापुढे बसायलाही पंचांग बघून बसत. मागल्या साली अमृतसिद्धी योगावर आणलेला बैल आठव्या दिवशी मेला, तेव्हा योग चुकला नाही, विकणाऱ्याचा पाय वाईट, असं त्यांनी गावाला पटवून दिलं. असा उंटावरचा शहाणा निर्मलाबाईंच्या पदरी बावीस वर्षं होता.

सोमवारी दहा वाजता लेकीची, कौशल्येची, भंडाऱ्याला मास्तरणीच्या जागेसाठी मुलाखत होती. एस.टी. आठची, ती गेली की थेट दुपारी. आणि सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ. पुंडलिकरावांनी तोड काढली ती प्रस्थानाची. शुभ वेळेला प्रवासाचं गाठोडं शेजारी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस घरून निघाला असंच धरतात. मग जाताना ते उचलायचं, की राहू बोंबलत बसतो. रविवारी दुपारी ते शेजारच्या तुलारामकडे गाठोडं ठेवून आले. लुगडं, सुपारी इथवर ठीक होतं. पण ज्या कामाला जायचं त्याची वस्तू आत हवी म्हणून या शहाण्यानं पोरीची सर्टिफिकिटं आणि मुलाखतीचं पत्रही त्यात बांधलं. वर तुलारामला बजावलं की कोणाचा हात लागता कामा नये.

तुलारामनं शब्द पाळला. सोमवारी सकाळी कौशल्या गाठोडं आणायला गेली, तर दाराला कुलूप. तो पहाटेच चिखल्याला, खाणीत कामाला असलेल्या मेहुण्याकडे गेला होता. एस.टी.ला वीस मिनिटं उरली होती. पुंडलिकराव ओट्यावर पंचांग उघडून बसले. प्रस्थान उचलल्याशिवाय राहुकाळात पाऊल टाकायचं नाही, नऊनंतर बघू, मुलाखती काय पुन्हा निघतील, असं ते सुपारी कातरता कातरता म्हणाले.

कौशल्या दाराशी रडत होती. निर्मलाबाईंना नवऱ्याची किळस आली. त्यांनी वरवंटा उचलला, तुलारामच्या दाराशी गेल्या आणि तीन घावांत कुलूप तोडून गाठोडं पोरीच्या हातात दिलं.

पुंडलिकराव धावत आले. "कुलूप तोडलं तं प्रस्थान मोडलं. आता नवापर्यंत घरीच बसाव लागते."

"तुमच्या पंचांगानं मी बावीस वर्सं चालली," निर्मलाबाई म्हणाल्या. "माही पोरगी नाही चालणार."

कौशल्या तोवर रस्त्याला लागली होती. पुंडलिकरावांनी तिला थांबवायला हात वर केला, तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारली की त्याचं काम बिघडतं, हेही त्यांच्याच शास्त्रात होतं. पुढे धावून आडवं जावं, तर तो त्याहून मोठा अपशकुन. ते हात वर करून मुक्यासारखे उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांच्या शास्त्राचा लेकीला झालेला हा एकच उपयोग, आणि एस.टी. सुटेपर्यंत निर्मलाबाई तो डोळे भरून पाहत राहिल्या.