बांधलेले टोमॅटो

एकोणनव्वद सालच्या चैत्रात चार टोमॅटोंपायी मी आमची सखू घालवून बसायची वेळ आणली. अकरा वर्षं आमच्याकडे धुणंभांडी करणारी सखू. नेमकं काय झालं होतं असं आजही कोणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही, कारण तेव्हा मला धड काहीच कळत नव्हतं.

टोमॅटो माझे होते याबद्दल मात्र माझ्या मनात काडीची शंका नव्हती. अंबरनाथ पश्चिमेला आमचं तळमजल्याचं घर. मागच्या दाराशी मोरीच्या पाण्यावर ओली राहणारी चार पावलांची जागा. जागा माझी, तर तिथे उगवेल तेही माझं. रोपं सखूने आणली होती हे खरं. नवरात्रात एका सकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि भांडी बाजूला ठेवून स्वतःच लावून टाकली. "तुमच्या मागं जागा हाय वैनी, हितं व्हतील बरी," एवढंच म्हणाली. मी मनात म्हटलं, बाईने प्रेमाने भेट आणली. बदल्यात तिला एक जुनी साडी दिली आणि विषय माझ्यापुरता संपवला.

सखू बदलापूरच्या अंगाच्या एका गावची. त्यांचं शेत दोन-तीन वर्षांमागे कारखान्यांत गेलं होतं, घरही गेलं होतं, आणि ती आता एका चाळीतल्या खोलीत राहत होती. हे मला माहीत होतं. पण या गोष्टीचा त्या रोपांशी काही संबंध असेल असं माझ्या बी.ए. झालेल्या डोक्यात एकदाही आलं नाही.

टोमॅटो आले ते गावठी. चपटे, कडेला घड्या पडलेले, आणि आंबट असे की सारात चिंच घालायला नको. पौष-माघात आम्ही पोटभर खाल्ले, शेजारच्या सिंधी भाभींना वाट्यातून दिले, त्यांच्याकडून कढी आली. फाल्गुन सरता सरता झाडांनी मान टाकली. खालची पानं पिवळी पडून वळली, फुलं उन्हाने गळू लागली, आणि जे काही धरत होतं ते गोटीएवढं होऊन जागच्या जागी सुकत होतं. उपटून टाकावीत असं रोज म्हणत होते, तेवढ्यात मीनलला ताप आला.

मीनल माझी एकुलती एक, पंधरा वर्षांची. साधा ताप म्हणून पाच दिवस काढले, मग रिक्षाने उल्हासनगर कॅम्प पाचला नेऊन रक्त तपासलं, तर टायफॉइड. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ताप उतरायला वेळ लागेल असं सांगितलं. किती वेळ, ते सांगितलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता.

अशात एका सकाळी मागच्या दारी गेले, तर झाडांवर पानांआड राहून गेलेले चार टोमॅटो चांगले मोठे, लालभडक, आणि प्रत्येकाच्या देठाला चिंधी बांधलेली. मी वाकून बघितलं. पिवळ्यावर निळी फुलं. कॅम्प तीनच्या बाजारातून घेतलेल्या मीनलच्या जुन्या फ्रॉकचं कापड होतं ते.

फ्रॉक कधीच फडक्यांत गेला होता, हे मला आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

आमचे हे, गुरुदत्त, एका केमिकल कारखान्यात ऑफिसर. त्यांना दाखवलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आमच्याकडे व्हॉल्व्हला चिंधी बांधलेली असली की कोणी हात लावत नाही. तुला कोणीतरी हात लावू नको म्हणतंय."

"मला? माझ्याच घरात?"

"ते मला काय माहीत!" आणि पान उलटलं.

मग सासूबाईंना, माईंना दाखवलं. माईंनी चष्मा लावून चारही टोमॅटो लांबूनच बघितले आणि पदर तोंडाशी धरला. "पद्मजा, अंगावरचं कापड आहे हे पोरीच्या. फळाला बांधलंय. फळ सुकत जाईल तशी…" मी म्हटलं, "माई, काहीतरीच काय!" पण म्हणतानाच माझा आवाज मला लटका वाटला.

दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सखू असं करेल? का करेल? तिचं काय वाकडं केलं मी? मग मीच आठवायला बसले. दिवाळीत पाहुण्यांसमोर ओरडले होते. तिची जनी आणि माझी मीनल एकाच वयाच्या, जनीची शाळा सुटली, मीनलची चालू आहे. लगेच मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लगेच पुन्हा वाटलं, पण मग चिंधी कशाला?

दुसऱ्या दिवशी सखू झाडू मारत होती, तेव्हा विचारलंच.

"ते टोमॅटो तू बांधलेस?"

"व्हय."

"का?"

सखूने मान वर केली आणि चक्क हसली. "का म्हंजे? ऱ्हाऊ द्या वैनी, हात नका लावू त्यांना."

ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. आत पोरगी तापाने फणफणतेय आणि ही हसते! मी तोंडाला येईल ते बोलले. जागा कोणाची, झाडं कोणाची, तू कोण मला सांगणार, सगळं. सखू गोंधळून बघत राहिली. शेवटी मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस." तिने झाडू कोपऱ्यात उभा केला, हात पदराला पुसले आणि दारातून वळून म्हणाली, "बरा. ती फलं गलाया लागली का मी येन."

मी धाडकन दार लावून कडी घातली. माई आतून ऐकतच होत्या.

त्या संध्याकाळी माईंनी चारही टोमॅटो चिंध्यांसकट तोडले. मीठ, मोहरी, मिरच्यांबरोबर मीनलवरून उतरवले. मीनल ग्लानीतच होती. ते सगळं कागदात बांधून मी, बी.ए., तिकाटण्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, जाऊन टाकलं आणि मागे वळून न बघता घरी आले. आपण नेमकं कोणाला घाबरतोय हे मात्र काही केल्या कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. माईंनी देवापुढे साखर ठेवली. हे म्हणाले, गोळ्यांचा गुण. मी दोघांनाही हो म्हटलं. पोरगी उठून बसली, पेज प्यायली, मला अजून काय हवं होतं? तरी भांडी घासताना दर वेळी सखूचं ते गोंधळलेलं तोंड डोळ्यांसमोर यायचं. करणी करणारी बाई अशी गोंधळून बघते का?

आठ दिवसांनी सखू मागच्या दाराने आली. हातात करवंटी, करवंटीत चुलीची राख. आली ती सरळ झाडांपाशी गेली. पानं बाजूला केली, एकेक झाड चाचपलं, मग खाली मातीत शोधलं.

"वैनी, फलं कुटं हायत?"

"टाकली," मी दारातूनच म्हटलं.

"टाकली? चारी?"

"चारी."

ती तिथेच उकिडवी बसली. "बी धरलेला मी त्यांच्यात," ती म्हणाली. "फल गलाया लागला का बी काडायचा आन् राखेत घोलवून ठेवायचा. माज्या सासूच्या सासूपासून चाललंय. आमची जमीन गेली, मंग दोन वर्सं तसाच पुडीत ठेवला. पुडीतला मरतो वो बी. म्हनून तुमच्या हितं लावला."

"मग मला सांगायचं नाही का, सखू?"

आता ती खरोखरच बुचकळ्यात पडली. "काय सांगायचा? बांदलेला फल कोन तोडतं?" एखाद्याला पाणी ओलं असतं हे समजावून सांगायची पाळी यावी तशी ती माझ्याकडे बघत होती. "चिंदी बांदली का ता बियाचा. पोरांना बी म्हाईत असतं."

मला माहीत नव्हतं. माईंना नव्हतं. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला नसेल. आम्ही बी पाकिटातून आणणारी माणसं.

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण अपराधी वाटलं की माझी जीभ सुटते. मी सगळं सांगून टाकलं. फ्रॉकचं कापड, माई, मीठमोहरी, तिकाटणं. तिला कळावं की मी उगाच नाही टाकली. सखू ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा मिटत गेला.

"तुमाला वाटला, मी मीनलवर…"

मी मान खाली घातली. बियाण्याचं तिने पुन्हा नावसुद्धा काढलं नाही.

"आता कशी हाय ती?" मग तिने विचारलं.

"बरी आहे. ताप उतरला."

"बरा झाला." तिने करवंटीतली राख तिथेच मातीत ओतली, उठली आणि सुकलेली झाडं एकेक करून उपटली. मुळांची माती झटकली, काटक्यांची मोळी बांधून भिंतीशी ठेवली. मी नको नको म्हणत होते. ती ऐकत नव्हती की ऐकून करत होती, मला कळलं नाही. ती जायला निघाली तेव्हा मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "सखू, चुकलं माझं. उद्यापासून ये. येशील ना?"

"येन की," ती म्हणाली.

आणि आली. वेळेवर आली, भांडी लख्ख घासली, लादी पुसली. मला वाटलं, सुटले बाई! मग सखू मीनलच्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली. आत मीनल पलंगावर बसून दुखण्यातून उठल्यावर झालेला केसांचा गुंता सोडवत होती, आणि त्यात कंगवा अडकला होता. चार वर्षांची होती तेव्हापासून सखूने तिला शंभरदा पकडून, गुडघ्यांत दाबून, रडवून विंचरलं होतं. मला कधी विचारलं नव्हतं.

"वैनी," सखू माझ्याकडे बघत म्हणाली, "मीनलच्या केसांना हात लावू?"

"अगं विचारतेस काय, लाव ना!" मीनल आतून वैतागली.

सखू जागची हलली नाही. ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.