पोटातल्यांचा वाटा

"ह्यांच्या ताटात शिळं म्हणून कधी वाढू नकोस हं. मी असले काय नि नसले काय."

सासूबाई हे बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज पार खोल गेला होता, पण सुनेचा हात त्यांनी असा धरला होता की हो म्हटल्यावाचून तो सुटला नसता. तिनं हो म्हटलं. देवाला स्मरून म्हटलं. सासूबाई गेल्या, आणि त्यांचं ते वाक्य मात्र स्वयंपाकघरात मुक्कामालाच राहिलं. फ्रीज उघडला की ते तिला ऐकू येई.

तिचा आणखी एक नेम होता, तो लहानपणापासूनचा. सकाळी कुठल्यातरी मुक्या जिवाच्या तोंडी काही घातल्याशिवाय आपल्या तोंडात घास घालायचा नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ती दाणे टाकी, चिमण्या टिपून जात, मग ती चहाला बसे. आजारपणातसुद्धा हा नेम तिनं मोडला नव्हता.

सासऱ्यांचा उभा जन्म बस चालवण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी डेपोसमोरच्या बाकावर ते बसून येत, त्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. या थंडीत त्यांची छाती भरली. दवाखान्यात पडून राहावं लागलं, औषधांवर औषधं झाली. छाती मोकळी झाली, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. केव्हा धावत सुटावं लागेल याचा भरवसा नाही, म्हणून बाक सुटला. मग त्यांच्या गाडीवरचा जुना कंडक्टरच रोज घरी येऊ लागला.

"काय ड्रायव्हर, आज गाडी कुठवर?"

"संडासपर्यंत. विनाथांबा."

दोघं पोट धरून हसत. घरात दिवसभरात तेवढंच काय ते हसू.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सुनेला समोर बसवून नीट फोड करून सांगितलं होतं. "छातीतले जंतू मारायला जी औषधं दिली ना, त्यांनी पोटातले चांगले जिवाणूही मारले. उरलेत ते उपाशी आहेत. बटाटा शिजवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की त्यातला थोडा स्टार्च असा घट्ट होतो की आपल्याला तो पचत नाही. पचत नाही म्हणूनच तो खाली मोठ्या आतड्यात, त्या जिवाणूंपर्यंत पोचतो. ते तो खातात आणि त्याचं जे बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं. हमखास गुण येईल असं नाही म्हणत मी. पण थोड्यापासून सुरू करून महिनाभर बघू या."

"म्हणजे शिळं द्यायचं?" तिनं हळूच विचारलं.

"शिळं कशाला म्हणता? त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं म्हणा."

घरी येताना तिच्या डोक्यात सासूबाईंचंच वाक्य घोळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बटाटे उकडले, लगेच गार पाण्यात टाकले, पाणी बदललं, पुन्हा बदललं. हाताला गार लागल्यावर सोलून, मीठ भुरभुरून सासऱ्यांपुढे ठेवले. गार सांगितलंय, गार दिलंय. शिळं नाही. कुणाचाच शब्द मोडला नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली.

"काल रात्रीचे ना गं हे?" त्यांनी सहज विचारलं.

"हो, बाबा."

तो एवढासा होकार. देवापुढे बसली की तोच आधी समोर येई. तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच पातेलं, तेच पाणी. ते मात्र बिचारे गार बटाटा औषधासारखा निमूट खात आणि म्हणत, "बघू या, आतली मंडळी प्रसन्न होतात का."

महिना गेला. मंडळी प्रसन्न झाली नाहीत.

बाई बुचकळ्यात पडल्या. "थोडा तरी फरक दिसायला हवा होता. रात्रभर ठेवता ना?" सुनेनं होकारार्थी मान हलवली. "मग बाहेरचं काही पोटात जातंय का? तळलेलं, गोडधोड?"

यावर सोबत आलेल्या तिच्या नवऱ्याचे डोळे बारीक झाले. कंडक्टरकाकांच्या कोटाच्या खिशात रोज एक कागदी पुडी असते, हे त्यानं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं काकांना दारातच अडवलं. "काका, राग मानू नका, पण काही दिवस येऊ नका. तुमच्या खिशातून बाबांना काय काय मिळतं, कोण जाणे."

काकांनी खिशात हात घातला, पुडी काढली आणि उघडून त्याच्यापुढे धरली. पावाचा चुरा होता. "डेपोवरच्या पाखरांचा आहे रे. तुझा बाप जायचा तेव्हा तो न्यायचा. आता मी नेतो."

"असेल. पण सध्या नको."

काकांनी पुडीची घडी घातली आणि जिना उतरून गेले. आत स्वयंपाकघरात ती उभी होती, हात बटाट्यांच्या पाण्यात. एक शब्द पुरला असता. तिनं पाणी ओतून पुन्हा बदललं.

त्यानंतर सासरे खिडकीशी बसू लागले. पुढे ठेवलेलं खात, बोलत नसत. तिलाही घास उतरेना. कट्ट्यावरच्या चिमण्या डोळ्यांना दिसत होत्या, म्हणून त्यांना दाणे मिळाले. या म्हाताऱ्याच्या पोटातले मुके जीव दिसत नव्हते, आणि त्यांचा वाटा आपण रोज पाण्यात बुडवला. कसला नेम नि कसलं काय.

एका दुपारी ते म्हणाले, "तो काही आणत नव्हता गं मला."

"माहीत आहे, बाबा."

"तुला कसं माहीत?"

मग तिनं सांगितलं. पाणी, पातेलं, सासूबाईंना दिलेला शब्द, सगळं. सांगताना जमिनीकडेच बघत होती.

ते खिडकीकडून तिच्याकडे वळले. "तुझ्या सासूनं तसं का म्हटलं, ठाऊक आहे? शेवटची फेरी संपवून मी यायचो तेव्हा सगळं गारढोण झालेलं असायचं. तेच खायचो. तिला जन्मभर त्याची रुखरुख. मला त्याचं काही वाटायचं नाही. पोटही कधी कुरकुरलं नाही." ते किंचित हसले आणि लगेच थांबले. "बटाट्याचं सोड, पोरी. पण त्याला दारातून परत पाठवलंत."

"मी नाही, बाबा, यांनी..."

"तू ऐकत होतीस."

डोळे पुसून ती म्हणाली, "मी आणते त्यांना. यांनाही सांगते."

नवरा कामावरून आला तेव्हा चपला काढायच्या आधीच तिनं त्याला सांगून टाकलं. "अगं, मी काकांना काय काय बोललो..." एवढंच म्हणून तो बाबांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आत जायचं त्याला धैर्य होईना.

तिनं बटाटे उकडले. या वेळी पाण्यात टाकले नाहीत. वाफ गेल्यावर डब्यात भरले, झाकण लावलं आणि फ्रीज उघडला. सासूबाईंचं वाक्य ऐकू आलंच. "शिळं नाही हो, राखून ठेवलेलं आहे," ती पुटपुटली आणि डबा आत सरकवला.

मग मूठभर पाव चुरून तिनं कागदाच्या पुडीत बांधला, चपला पायात सरकवल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. बाहेर अजून उजेड होता. काकांचं घर डेपोच्या मागच्या गल्लीत होतं. काय बोलायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. पुडी हातात धरून ती जिना उतरू लागली.