तळ्याचा कौल

मडकं पाण्यावर सोडलं तेव्हा काठावर दीडशे माणसं होती आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. गेरूने माखलेलं, भस्माचे पट्टे ओढलेलं ते मडकं काठापासून पाच-सहा हातांवर डुलत राहिलं. बाबा गुडघाभर पाण्यात डोळे मिटून उभा होता. थोड्या वेळाने मडकं एका अंगाला कललं आणि कुणी खालून ओढावं तसं सरळ खाली गेलं. चार बुडबुडे आले. पाणी पुन्हा सपाट झालं.

"तळ्याला हे घर नको!" बाबा डोळे न उघडता गरजला. "तळं बोलतं रे लेकरांनो, बहिरे आपण आहोत! महिन्याच्या आत उठा. नाही उठलात, तर तळं आपला वाटा घेईल. माणसात घेईल!"

ज्याचं घर, तो म्हातारा नावाडी मटकन खाली बसला. उभा जन्म त्या पाण्यावर होडी घातलेला माणूस, पण त्याला उठवायला कुणी पुढे झालं नाही. उलट शेजारचे दोघे हळूच बाजूला सरकले.

गर्दीत मागे उभ्या असलेल्या कुंभारणीला भीती वाटायला हवी होती, पण तिला आधी रागच आला. बाबाची मडकी तिच्याच घरून जात. माती तिने मळलेली, भट्टी तिने राखलेली. नीट भाजलेलं रिकामं मडकं पाण्यावर दिवसभर तरंगेल. पाव तासात बुडतंच कसं?

"मडकं बुडत नाही गं, तळं बुडवतं," शेजारीण कुजबुजली.

"मग तळ्याने माझ्या मालाची बदनामी कशाला करायची?"

"हळू बोल बाई, ऐकेल!"

कोण ऐकेल, हे शेजारणीने सांगितलं नाही. तळं काय आणि बाबा काय, दोघांचंही नाव घ्यायची आता चोरी झाली होती.

दोन महिन्यांपूर्वी असं नव्हतं. तळ्याकाठी रिसॉर्ट होणार आणि त्यासाठी काठावरची अकरा घरं कंपनीला हवीत, हे कळल्यापासून शाळेच्या पटांगणात सभा रंगत होत्या. "पोरांना नोकऱ्या लागतील," एकजण म्हणे. "हो, उष्टी ताटं उचलायच्या!" दुसरा म्हणे. "तुझा पोरगा आत्ता कुठे दिवे लावतोय ते सांग की!" काठाला कुंपण पडलं तर जाळी कुठून टाकायची, असं मासे धरणारे विचारत. भाव चांगला मिळाला तर मी आजच विकतो, असं शिंपी उघड म्हणे. तट पडले होते, अरेतुरे होत होतं, पण माणसं बोलत होती. मग हा बाबा उगवला, त्याच्या मागे दोन आडदांड शिष्य आले, घराघराच्या नावाने मडकी पाण्यावर पडू लागली आणि बोलणं बंद झालं. जो विकायला नाही म्हणे, नेमकं त्याचंच मडकं बुडे. बरं, तळ्याचा हा कोप कंपनीच्या नकाशाबाहेर पाऊलही टाकत नसे. मागच्या आळीची मडकी कशी झकास तरंगत! तळ्याला नकाशा वाचता येतो, याचं मात्र कुणालाच नवल वाटलं नाही. भीती एकदा घरात शिरली की अक्कल मागच्या दाराने निघून जाते.

नावाडी चौथ्याच दिवशी सही करून शहरात लेकीकडे गेला. पाचव्या दिवशी यंत्र आलं आणि दुपारपर्यंत त्याचं घर भुईसपाट झालं. त्यानंतर आणखी पाच मडकी बुडाली, पाच सह्या झाल्या. आता पाळी कुंभाराच्या घराची.

घर सासूच्या नावावर होतं. "माझं मढं निघेल तेव्हा घ्या," असं ती कंपनीच्या साहेबाला तोंडावर म्हणाली होती. तीच म्हातारी आता दोन दिवस भिंतीला टेकून बसली होती. पोटात अन्नाचा कण नव्हता. "नातीला पाण्याजवळ जाऊ देऊ नको गं," एवढंच सारखं म्हणे. आणि त्या सकाळी तिने सुनेचा हात धरला. "मडकं बुडालं तर मी अंगठा देते बाई. पोर राहिली म्हणजे सगळं राहिलं."

कुंभारणीला ते ऐकवेना. भर दुपारी, काठावर चिटपाखरू नसताना, ती बाबाच्या जागेपाशी पाण्यात उतरली. काल बुडालेलं मडकं गेलं कुठे, एवढंच तिला बघायचं होतं. भाजलेलं मडकं तळाशी वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि फुटलं तरी खापऱ्या उरतातच. तिने पायाने चाचपलं. खापरी एक नाही. पायाला लागला तो लोण्यासारखा मऊ गोळा. उचलला तर बोटांतून लाल पाणी गळलं आणि हातात मडक्याच्या काठाचा एक तुकडा उरला, अर्धा विरघळलेला. त्यावर अंगठ्याने दाबलेली नक्षी होती. तिच्याच अंगठ्याची.

तिने तो तुकडा बोटांनी चुरून बघितला. हे मडकं भट्टीत गेलंच नव्हतं. वाळलेली कच्ची माती पाण्यात विरघळणार नाही तर काय करणार!

ती तडक पडवीत गेली. भट्टीची वाट बघत वाळत ठेवलेल्या मडक्यांची मागची फळी निम्मी रिकामी होती. नवरा चाकापाशी बसला होता आणि चाक बंद होतं.

"अहो, इथली कच्ची मडकी कुठे गेली?"

"कुठली?"

"माझ्याकडे बघून सांगा."

त्याने बघितलं नाही. "साहेब म्हणाला, रिसॉर्टमध्ये दुकान देतो. काचेचं. पाहुण्यांसमोर चाक फिरवायचं. किती दिवस चिखलात मरायचं गं आपण?"

"म्हणून आईंना भीती घालायची? जन्म दिला हो त्यांनी तुम्हाला!"

"एकदा अंगठा झाला की मी समजावीन तिला."

"काय समजावाल? की आई, मी तुला फसवलं?"

तो उठून जवळ आला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "हे बघ, तू गप्प राहा. मी मधेच नको म्हणालो होतो. तेव्हा बाबाच्या त्या दोघा शिष्यांनी मला विचारलं, तुझी मुलगी कुठल्या वाटेने शाळेत जाते रे? ती माणसं बरी नाहीत."

संताप तर तिला आलाच, पण त्याची कीवही आली. चोर होता खरा, पण स्वतःही कोंडला गेला होता. ती रात्रभर तळमळली. गप्प बसावं तर सासू खचते, बोलावं तर घराची अब्रू जाते आणि वर पोरीची काळजी. सकाळी तिने मुलीला घट्ट कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने सासूला उठवलं.

तळ्यावर दाट धुकं होतं. सगळा गाव आधीच जमला होता. बाबाने झाकलेल्या टोपलीतून मडकं काढलं. "कुणी शिवायचं नाही! शिवेल त्याचा हात झडेल!"

"आई," कुंभारीण सासूच्या कानाशी म्हणाली, "जन्मभर तुम्ही गिऱ्हाइकाला मडकं वाजवून दिलंत. आज न वाजवता घेणार?"

म्हातारीने तिच्याकडे एकटक बघितलं. मग काठी टेकत ती सरळ पाण्यात शिरली.

"म्हातारे, मागे हो! झडेल सगळं!"

"आता काय झडायचं राहिलंय रे? केस झडले, दात झडले!"

कुणीतरी फिसकन हसलं. कित्येक दिवसांत त्या काठावर हसू ऐकू आलं नव्हतं. तेवढ्यात म्हातारीने बाबाच्या हातातल्या मडक्यावर टिचकी मारली. बद्द. पुन्हा मारली. बद्द. तिने टोपलीवरचं फडकं ओढलं आणि दुसऱ्या मडक्यावर मारली. टण्ण!

"कच्चं आहे मेलं!" ती ओरडली. "हे भाजलेलं, ते कच्चं! दोन जातीची मडकी घेऊन बसलाय हा!"

"हिच्या तोंडून तळं बोलतंय, कोपलेलं तळं..." बाबाने सुरुवात केली.

"तळं नाही, मडकं बोलतंय," कुंभारीण म्हणाली. तिने बाबाच्या हातातलं मडकं काढून घेतलं आणि दोन्ही मडकी शेजारी शेजारी उथळ पाण्यात सोडली. "या सगळ्यांनी. जवळ या. हात लावून बघा. माझा हात झडला का?"

आधी शिंपी आला, मग जाळीवाले आले. एक मडकं डुलत राहिलं. दुसऱ्याचा गेरू सुटला, बूड खचलं आणि शिंप्याच्या ओंजळीत नुसता चिखल राहिला. दोघे शिष्य पुढे सरसावले, पण त्यांच्यासमोर आता वीस कोळी खांद्याला खांदा लावून उभे होते. या गडबडीत बाबा धुक्यात कधी पसार झाला ते कळलंसुद्धा नाही.

"पण कच्ची मडकी याला दिली कुणी?" शिंप्याने विचारलं.

 कुंभारीण तोंड उघडणार तोच मागून आवाज आला, "मी."

म्हातारी वळली. लेकापुढे जाऊन उभी राहिली. "मला वाटत होतं पाण्याचं भय आहे," ती म्हणाली. "ते तर माझ्या घरात जेवत होतं."

कुणी त्याच्या अंगावर धावून गेलं. कुंभारीण मधे पडली. "त्यांना काय बोलायचं ते बोला, पण आधी ऐका. रिसॉर्ट होऊ दे नाहीतर न होऊ दे, त्यावर पुन्हा पटांगणात बसून भांडू. ज्याला विकायचंय त्याने भाव विचारून, कागद वाचून खुशाल विकावं. पण घाबरून कुणी विकू नका. भीतीने घेतलेल्या सह्या रद्द करा म्हणून आपण सगळे मिळून कचेरीत जाऊ. आणि पोरींना शाळेत सोडायलाही सगळे मिळून जाऊ."

"कचेरीत नंतर," म्हातारी लेकाला म्हणाली. "आधी नावाड्याकडे. तुझ्या तोंडाने सांग."

शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नावाडी खिडकीपाशी बसला होता. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. कुंभाराने मान खाली घालून सगळं सांगितलं. 

"म्हणजे तळं माझ्यावर रागावलं नव्हतं?" शेवटी नावाड्याने विचारलं.

"नाही काका," कुंभारीण म्हणाली. "तळ्याला राग येत नाही. ते पाणी आहे."

"मी रोज आठवत बसतो, आपण कुणाचं काय वाईट केलं म्हणून." त्याचा चेहरा उजळला, तो धडपडत उठला आणि खुंटीवरचा सदरा काढू लागला. "चला मग. घरी जाऊ या."

घर आता नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुंभार दाराच्या चौकटीला धरून हमसाहमशी रडायला लागला.

सह्यांचा निकाल लागायचा आहे. कंपनीचा वकील दांडगा आहे आणि बाबा दुसऱ्या कुठल्या पाण्यात उभा असेलच. तो तुमच्याही काठावर येईल. हात लावू नका म्हणेल. तेव्हा कृपा करून आधी हात लावून बघा, बाबांनो, घर पडायच्या आधी.