मगदूम साहेबांचा अंदाज

कोल्हापूरच्या हेड ऑफिसात बसलं की श्रीपाल मगदूमला पाण्याची खळखळ ऐकू यायची. नळ बंद, टाकी लांब, तरी खळखळ. हसू नका! बायको त्रिशला म्हणायची, कान दाखवून या. कानाचंच दुखणं असतं तर बरं झालं असतं की हो.

आठ वर्षांमागच्या महापुरात तो शिरोळला पेंडीच्या गोडाऊनवर कामाला होता. तिथला मुख्य जोतीराम. त्यानं पाणी चढताना बघून भर पावसात निम्मी पोती ट्रकनं हलवली, ती सगळी भिजून कुजली. श्रीपाल मात्र उरलेल्या पोत्यांपाशी दारात बसून राहिला. आणि नशीब बघा, पाणी तिसऱ्या पायरीला लागून ओसरलं! जोतीराम भित्रा ठरला आणि घरी बसला. श्रीपाल वाघ ठरला, आणि चढत चढत साऱ्या गोडाऊनांचा साहेब झाला. दर मीटिंगला तो सांगायचा, "पाणी तिसरी पायरी ओलांडत नाही. माणसाला अंदाज पाहिजे."

अंदाज कसला डोंबलाचा! भीतीनं त्याला जागचं उठताच आलं नव्हतं. ते त्याचं त्यालाच ठाऊक.

यंदा जुलैत शिरोळहून वॉचमन केरबाचा फोन आला. तो म्हाताऱ्या आईला, आक्काला घेऊन गोडाऊनमागंच राहतो.

"साहेब, तिसरी पायरी बुडाली. बोट आलती, माघारी धाडली. थांबंल न्हवं आता पाणी?"

श्रीपाल ओरडलाच. "केरबा, बोट परत बोलाव! पोती गेली खड्ड्यात, आक्काला घेऊन नीघ!"

केरबा खदाखदा हसला. "माझी परीक्षा बघतासा व्हय? मी न्हाय हलत."

"अरे परीक्षा कसली! तवा मी भ्यालतो रे! पाय उचलत नव्हते माझे. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं!" आठ वर्षं गिळलेलं एका दमात बाहेर पडलं आणि साहेब चक्क रडायला लागला.

पलीकडं केरबा मायेनं म्हणाला, "आक्के, ऐकलंस? एवढा मोठा माणूस, पण गर्व कसला तो न्हाय बघ." आणि फोन ठेवला.

श्रीपालनं परत लावला, लागला नाही. मग धडपडत बोटवाल्यांचा नंबर मिळवला.

"आता धार लई हाय, सकाळशिवाय जमायचं न्हाय," बोटवाला म्हणाला. "मगाशी दोघांस्नी उचलूनच आणणार हुतो. पर त्यानं मगदूम साहेबांचं नाव सांगितलं, म्हणून आम्हीबी जोर केला न्हाय. आपण कोण बोलतासा?"