तीनशे अठरा नग जास्त

वर्षालीला यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पगार अकरा हजारांचा अठरा हजार. पुलगावला नवं गोदाम निघणार होतं, तिथलं इन्चार्जपण, हाताखाली दोन मुली. आणि गोदामाच्या वर दहा बाय बाराची एक खोली, जिच्या दाराला आतून कडी होती. वर्षाली बत्तीस वर्षांची. लग्न जमलं नव्हतं. भाऊ मुकेशच्या घरी ती स्वयंपाकघरात झोपायची, आणि भावजयीला सकाळी चहा ठेवायचा असला की वर्षालीनं उठायचं, मग अंगात ताप असो की दिवस रविवारचा. अठरा हजारांचा आकडा ती चारचौघांत सांगायची. मनातल्या मनात मोजायची ती कडी.

हे सगळं देणारा होता धीरज. बाप बंडूजी वर्ध्याच्या बाजारात कापडाचं दुकान चालवायचे. ते गेले, पोरानं दुकान भाड्यानं दिलं आणि बायकांचे सुती गाऊन मोबाइलवर विकायला काढले. चार वर्षांत दिवसाच्या सहा पार्सलांची अडीचशे झाली. बोरगाव मेघेतल्या घरामागे टिनाचं लांब शेड पडलं, शेडमध्ये लोखंडी रॅक, रॅकला खण. एका खणात एकाच डिझाइनचा, एकाच मापाचा माल. असे तीनशे अठरा खण. कोणत्या खणात किती नग आहेत ते संगणकात वर्षाली भरायची, आणि गिऱ्हाइकाला साइटवर तोच आकडा दिसायचा. संगणक म्हणाला एक आहे, की तो एक विकला जायचा. धीरज रॅकांकडे फिरकायचाही नाही. त्याच्या लेखी माल म्हणजे मोबाइलमधला आकडा.

त्याच्या आईच्या लेखी तसं नव्हतं. यशोदाबाईंचा एकच नियम होता: खण रिकामा ठेवायचा नाही. धान्याची कोठी कोणी खरडून काढत नाही, मिठाची बरणी तळाला जाऊ देत नाही, मग गाऊनचा खण कसा रिता करायचा? लक्ष्मी बसणार कशावर?

"तुह्या बापानं कापडाच्या ठानाचा शेवटचा तुकडा कधी इकला नाई," त्या धीरजला ऐकवायच्या. "म्हनून तू कॉन्व्हेंटात शिकला."

दोन दिवाळ्यांआधी याची किंमत लागली. सेल होता, माल भराभर उठत होता, आणि एकेचाळीस खण शेवटच्या नगावर आले. संगणकानं ते एकेचाळीस नग विकले. यशोदाबाईंनी ते उचलले, आपल्या कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला खोचली. एकेचाळीस ऑर्डरी रद्द झाल्या. साइटनं धीरजचं दुकान यादीत असं खाली ढकललं, की पुढचा दीड महिना गिऱ्हाइकाला ते शोधूनही सापडत नव्हतं. नुकसान चार लाखांच्या घरात. धीरजनं आईला देवापुढे बसवलं, स्वतः तिच्यापुढे बसला आणि मान खाली घातली.

"ठेव माह्या डोक्यावर हात. म्हन, आता एकबी नग अडवनार नाई."

यशोदाबाईंनी हात ठेवला, म्हटलं. डोळ्यांत पाणीही आणलं.

अकरा दिवस शपथ चालली. बाराव्या दिवशी त्यांना चौकड्याच्या डिझाइनचा एक खण रिकामा दिसला, आणि दुपारचं जेवण घशाखाली उतरेना. पॅकिंगच्या मुली जेवायला गेल्यावर त्यांनी वर्षालीला रॅकाआड बोलावलं.

"पुलगावले जाचं हाय ना तुले?"

"धीरजभाऊंच्या मनात असंन तर, माई."

"त्याच्या मनात काय टाकाचं, ते माह्या हातात हाय. एकच काम कर. खनात एक-एक नग राहू दे."

"संगनकात दिसते न, माई. ऑर्डर आली का द्याच लागते."

"मंग दिसू नको देऊ. बारावी शिकली तू, एवढं येत नाई?"

येत होतं. फाटलेला, डाग पडलेला माल संगणकात 'डॅमेज' म्हणून टाकला की तो विक्रीतून उतरतो. वर्षालीनं चांगल्या गाऊनला डॅमेज लिहिलं, त्याची नीट घडी घातली आणि खणाच्या तळाशी ठेवला. खण शेवटच्या नगावर आला की हेच. चौदा महिन्यांत सगळे तीनशे अठरा खण झाले. महिन्याला साडेसात हजार पार्सलं निघत होती, त्यात बावीस-तेवीस फाटके नग कोणाच्या डोळ्यांत येणार? दर अमावास्येला यशोदाबाई ओल्या हळदीची वाटी घेऊन यायच्या आणि तळाच्या गाऊनच्या कव्हरवर एक-एक बोट उमटवून जायच्या.

वर्षालीला भोळी समजू नका. ती धीरजला सांगायची, "भाऊ, आता खन बराबर झिरो होते." यशोदाबाईंना सांगायची, "माई, तुमचा एक-एक हाय." दोघंही खूश, दोघांकडेही तिची जमा वाढत होती. शपथेचं तिला ठाऊक होतं, पण तिनं ते माय-लेकराच्या खात्यात टाकलं होतं. आपल्या खात्याशी त्याचा संबंध असेल असं तिला वाटलं नाही. सगळ्या बेरजा तिनं बरोबर केल्या, फक्त ही एक रक्कम मांडायची राहिली.

जानेवारीत नागपूरचे अण्णाजी आले. सुताच्या व्यापारात केस पांढरे झालेला माणूस. पुलगावच्या गोदामात चौदा लाख घालायला तयार होते, पण अट एकच: आधी सगळा माल नग-नग मोजून दाखवा. मोजायचं काम धीरजनं बायकोला दिलं. रीता नागपूरची, बी.कॉम. झालेली. लग्नाला तीन वर्षं होऊनही घराच्या आणि शेडच्या किल्ल्या सासूच्याच कमरेला होत्या. तिनं स्कॅनर हातात घेतला आणि तीन दिवस शेडमध्ये टिकटिक केली.

माल जास्त भरला. तीनशे अठरा नग.

कमी भरला असता तर सोपं होतं. कमी मालाला चोर लागतो आणि चोर सापडतोच. जास्त मालाचं काय करायचं, हे बी.कॉम.लाही शिकवत नाहीत. पण रीताला चौथ्या खणापाशीच उमगलं होतं. कोणता चोर माल चोरून तो त्याच खणात घडी घालून ठेवतो? आणि वर हळद लावतो? तिला सासू सापडली होती. आता फक्त ते सांगायला दुसऱ्याचं तोंड हवं होतं.

तिनं वर्षालीला पॅकिंगच्या टेबलामागे घेतलं. "कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोनी नाई, वहिनी."

"हे बघ, लॉगिन तुझं आहे. तीनशे अठरा वेळा तू डॅमेज मारलंयस. एक लाखाचा माल होतो हा. उद्या अण्णाजी विचारतील तेव्हा नाव कोणाचं निघेल? माझं?"

वर्षाली टेबलावरची पार्सलं सरळ करू लागली.

"मी तुझ्या बाजूनं उभी राहते. तू फक्त खरं बोल. पुलगावचं मी बघते."

"भाऊ चिडतीन."

"त्यांना माझ्यावर सोड."

वर्षालीनं जेवणाचा डबा उघडला, मिटला. एका बाजूला यशोदाबाई, म्हातारी. दुसऱ्या बाजूला रीता, जिचे दिवस यायचे होते. शिवाय तळाशी हळदीची तीनशे अठरा बोटं. इतका पुरावा असताना कोण खोटं ठरतं? तिनं पारडं बदललं.

दुसऱ्या दिवशी अकराला अण्णाजी आले. खुर्ची दिली, चहा दिला. यशोदाबाई कडेच्या स्टुलावर दोऱ्यांची रिळं लावत बसल्या होत्या. अण्णाजींनी कागद पाहिला आणि चष्म्यावरून विचारलं, "धीरज, हे जास्त कसं काय?"

धीरजनं वर्षालीकडे पाहिलं. वर्षालीनं रीताकडे पाहिलं. रीतानं मान किंचित हलवली.

"भाऊ, ते माईंनी ठेवाले लावले होते," वर्षाली म्हणाली. "खन रिकामा नाई राहू द्याचा म्हनून. मी डॅमेज लिहिलं, पन माल चांगला हाय सगळा. एकबी बाहेर गेला नाई."

यशोदाबाईंच्या हातातलं रीळ घरंगळत टेबलाखाली गेलं. त्या उभ्या राहिल्या.

"म्या? माह्या लेकाच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली म्या, आनं मंग हे केलं? काय म्हनून राह्यली तू, कळते का तुले? म्या माह्या लेकाचं वाईट चितलं?"

वर्षालीनं सर्वांत जवळच्या खणातून तळाचा गाऊन ओढला आणि टेबलावर ठेवला. कव्हरवर पिवळं बोट वाळून तडकलं होतं.

"मंग हे बोट कोनाचं, माई?"

धीरजनं गाऊन हातात घेतला. हे बोट त्याच्या ओळखीचं होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी, दहावीच्या पेपराला, लग्नाला निघताना, हेच बोट त्याच्या कपाळाला लागलं होतं. त्यानं आईकडे पाहिलं. आई त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती त्याच्या डोक्याकडे पाहत होती, एखाद्या घराला तडा गेलाय का, ते बाहेरून पाहावं तसं.

तेव्हा त्याच्यापुढे दोन गोष्टी उरल्या. वर्षाली खरं बोलत असेल, तर चौदा महिने एक खोटी शपथ त्याच्या डोक्यावर बसून होती. त्या चौदा महिन्यांत तो आठवड्याला दोनदा नागपूरच्या रस्त्यानं गाडी दामटत होता. आणि वर्षाली खोटं बोलत असेल, तर अकरा हजारांची एक पोरगी जाणार होती. धीरज व्यापाऱ्याचा मुलगा. त्याला स्वस्त काय ते कळायला वेळ लागला नाही.

"हळद तूच लावली असशीन," तो म्हणाला.

"मी? भाऊ, मी काऊन लावीन?"

"हळद काय आमच्याच घरी भेटते?"

वर्षाली वळली. "वहिनी, तुमी सांगा न. काल तुमीच म्हनलं—"

रीतानं नवऱ्याचा चेहरा आधीच वाचला होता. सासूला पाडायला निघाली होती ती, पण सासू पडली तर नवऱ्याच्या डोक्यावर पडणार, एवढं तिला आत्ता दिसलं. तिनं स्कॅनरची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"मला काय माहीत बाई? मी तर फक्त मोजलं."

अण्णाजींनी चहा संपवला आणि हसले. "धीरज, लोकांकडचे चोर माल घेऊन जातात. तुझ्याकडचे वाढवून ठेवतात. असे दोन-चार आमच्याकडेही पाठव." सगळे हसले. हसायलाच पाहिजे होतं. माणूस चौदा लाखांचा होता. माल कागदापेक्षा जास्त आहे, याहून चांगली मोजणी भागीदाराला कोणती? त्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

ते गेल्यावर धीरजनं वर्षालीला गेटपर्यंत सोडलं. आवाज चढवला नाही. "पोलिसात देत नाई तुले. पोरीची जात हाय, नाव खराब होईन. या महिन्याचा पगार मात्र भेटनार नाई."

"माल तर पुरा हाय, भाऊ. मंग पगार कायचा कापता?"

"डॅमेजचा. तूच लिहिला न?"

वर्षाली आणखी काही बोलली असती, पण गेटच्या आत यशोदाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तिच्या हातात झाकलेला डबा दिला. "उपाशी नको जाऊ, पोरी. भाकर बांधून देली." आणि आवाज खाली आणून, कळवळून म्हणाल्या, "तू काऊन बोलली व? गप राह्यली असती, तर म्या पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं असतं तुले."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

त्या दुपारीच दोन मुलींनी सगळे खण तळापर्यंत उपसले. हळद पुसून जाईना, तेव्हा धीरजनं सगळी कव्हरं बदलायला सांगितली. तीनशे अठरा गाऊन संक्रांतीच्या सेलला लागले, सहा दिवसांत उठले, आणि शेडमध्ये पहिल्यांदाच खण खरोखर रिकामे झाले. काही वाईट घडलं नाही. पुढच्या आठवड्यात पार्सलं तीनशेवर गेली. यशोदाबाईंनी ते रिते खण पाहिले नाहीत. त्यांनी शेडमध्ये येणंच सोडलं, आणि येत नाही तर किल्ल्या कशाला म्हणून रीतानं त्या मागून घेतल्या. पुलगावला रीताची मामेबहीण नंदिनी लागली, अठरा हजारांवर. तिला वरची खोली कोंदट वाटली. ती वर्ध्याहून ये-जा करते.

मुकेशच्या घरी वर्षाली कामाला जात नाही म्हटल्यावर भावजयीनं चहाबरोबर भाकरीही तिच्याकडे दिल्या. मुकेशनं दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. पण वर्ध्यात गोदामं किती आणि बोरगाव मेघेतली गोष्ट पोचायला वेळ किती? सगळीकडून एकच उत्तर आलं: हातसफाईची पोरगी नको.

आता कोणी काय भरलं ते पाहू. अण्णाजींचे चौदा लाख धंद्यात आहेत, ते खर्चात धरायचे नाहीत. रीताचं काही गेलं नाही. यशोदाबाई पुढच्या चतुर्थीला धीरजला घेऊन केळझरला गेल्या आणि गणपतीला त्याच्या नावानं अभिषेक केला. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि धीरजनं विचारलं नाही. त्यानं एकवीसशे रुपये काढून दिले आणि आपलं डोकं आपणहून देवापुढे टेकलं. पेढ्यांचे नऊशे. तीनशे अठरा नवी कव्हरं, आठ रुपयांनी, पंचवीसशे चव्वेचाळीस. पुलगावच्या गोदामाची पाटी, चोपन्नशे. हे सगळं त्यानं वर्षालीच्या थांबवलेल्या अकरा हजारांतून भागवलं. छप्पन रुपये उरले. ते गल्ल्यात पडले.