रांजणाखालची वाळू

सिद्दीगकाकांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने तोंडावर मारत मारतच आमच्या दारापर्यंत आणलं. नर्सचं घर कोणतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. काकांनी पहिल्या फटक्यालाच सांगून टाकलं होतं, तरी मार थांबला नव्हता. निखळलेले दात काकांनी मुठीत धरले होते.

मागे गाडी उभी होती. तिच्या हौद्यात एक तरुण पोट धरून पडला होता आणि फळ्यांच्या फटींतून रक्त रस्त्यावर गळत होतं.

"तू नर्स?" पुढच्याने आईला विचारलं. बाकीचे दोघे त्याला जिद्दो म्हणत होते.

"होते. आता म्हातारी आहे. त्या माणसाला सोड आधी. दात पाडून पत्ता विचारायची ही कुठली रीत?"

"हाजा, म्हातारे, तोंड कमी चालव. हा हमदान, माझा चुलतभाऊ. हा मेला तर ही गल्ली जाळीन."

"जाळ. पण आधी हात धू आणि त्याला सावलीत आण."

काका तेवढ्यात भिंतीला धरून शेजारच्या कल्तूमच्या घराकडे सरकले. सावली म्हणजे दारासमोरचा कडुलिंब, आणि त्याखाली तिवईवर आमचा रांजण. येणाऱ्याजाणाऱ्याने प्यावं म्हणून आजोबांनी तो तिथे ठेवला होता. लढाईत वीज गेली, मग फ्रिजही लुटला गेला, तेव्हा आईने गल्लीतल्या साखरेच्या आजाऱ्यांचं इन्सुलिन डब्यात घालून रांजणाखालच्या ओल्या, गार वाळूत पुरलं. "घरं धुऊन नेतात," ती म्हणाली होती, "पण पाणपोईला हात लावणारा या ओमदुरमान शहरात अजून जन्मायचाय." गल्लीतलं शेवटचं औषध त्या डब्यात होतं. कल्तूमच्या लेकीला, रिमाझला, सकाळची सुई अजून द्यायची होती. मागे औषध संपलं तेव्हा त्या पोरीच्या श्वासाला सडक्या फळांचा वास येऊ लागला होता आणि हाक मारली तरी ती डोळे उघडत नव्हती.

हमदानला खाटेवर घेतलं. आईने सदरा फाडला. आतडं बाहेर आलं होतं. तिने माझ्या अंगाला गुंडाळलेलं तोबचं कापड ओढून घेतलं, भिजवलं आणि त्यावर पसरलं. "आत ढकलायचं नाही कधी," ती मला म्हणाली, जणू आम्ही दोघीच होतो.

"पाणी," हमदान म्हणाला.

जिद्दोने रांजणात वाटी बुडवली.

"देऊ नकोस. पोट फाटलंय त्याचं. नुसते ओठ ओले कर."

"पाण्याला नाही म्हणतेस? पाणपोईच्या दारात? अगं, कुत्र्यालासुद्धा नाही म्हणत कोणी!"

"कुत्र्याला पोटात गोळी लागली असती तर त्यालाही नाहीच म्हटलं असतं."

त्याच्या माणसांतला एक फिसकन हसला आणि जिद्दोची नजर पडताच गप्प झाला. जिद्दोने हमदानचं डोकं उचलून सगळी वाटी पाजली. सकाळपासून त्याने कोणकोणती पापं केली असतील देव जाणे, पण तहानलेल्याला नाही म्हणण्याचं पाप त्याच्याने होईना.

हमदानने पाणी ओकलं, मग रक्त ओकलं, आणि तडफडत किंचाळू लागला. आई त्याला दाबून धरत असतानाच जिद्दोने तिला दस्ता हाणला. गालाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

"असलं पाणी ठेवतेस दारात!" तो ओरडला आणि त्याने बंदूक रांजणावर रोखली.

आईने रांजणाला मिठी मारली.

तोवर ती कशालाच भ्यायली नव्हती. आता भ्यायली, आणि ते त्याने पाहिलं. घरं लुटून लुटून त्याला एक चांगलं कळत होतं, की बाई ज्या जागेसाठी भिते तिथे सोनं असतं. त्याची नजर हळूहळू वाळूकडे उतरली.

"इथे पुरलंयस ना?"

"रस्त्यावर कोण पुरतं रे, वेड्या?" मोडलेल्या हाडामुळे तिला धड बोलता येत नव्हतं. "घरात आहे. चुलीखाली. पोरीला जाऊ दे, मग दाखवते."

"तिला का जाऊ देऊ?"

"तिला ठाऊक नाही म्हणून. कळलं तर वाटा मागेल."

जिद्दोला हसू आलं.

"तयसीर, कल्तूमकडे जा," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "सुईची वेळ टळतेय."

घरात सोनं नव्हतं. बांगड्या देऊनच तिने ते औषध मिळवलं होतं.

जिद्दो आणि एकजण तिला ढकलत आत गेले. तिसरा हमदानचे हात धरून रडत होता. तो वर बघेना. मी वाळूत हात घातला, डबा उपसला, पोटाशी धरला आणि निघाले.

कल्तूमने सुई उकळायला ठेवली. पाणी लवकर तापेना. रिमाझने दंड पुढे केला.

"सिस्टर नाही आली?"

"कामात आहे."

मग सिद्दीगकाका. त्यांनाही तोच आजार. तोंडात फडकं कोंबून ते भिंतीशी बसले होते. सुई त्यांच्या दंडात असतानाच गोळीचा आवाज आला. एकच. माझा हात थांबला. काकांनी फडकं काढलं.

"पूर्ण दे, पोरी," ते म्हणाले. "ओढून घेऊ नकोस."

मी पूर्ण दिलं.

गाडी गेल्यावर मी परतले. हमदानला ते घेऊन गेले होते. आई चुलीपाशी पालथी पडली होती. गोळी मानेतून आरपार गेली होती. चुलीखालची जमीन चोपून चोपून दगडासारखी झालेली, तरी तिथे कोपरभर खोल खड्डा होता. तिच्या मुठीत पळी होती, पार वाकलेली. तिने तो पळीने खणला होता.

कुदळ दाराआड उभी होती. तिने ती मागितली नव्हती.