सास लाओ

"सायेबानं पुसलं, तुह्यासारखं दुसऱ्या कोणाले येते काय?" खानसामा जानराव चुलखोलीच्या दारात उभा होता. "येत असन तर तू आजच जाय चांदूरले. नसन येत, तर नाताळाचे पाहुणे जाईपर्यंत इथून हालाचं नाही."

पाट्याशेजारी बसलेल्या जयवंताने मान वर केली.

"चाखून सांगतो," ती म्हणाली. "सूनबाई आता वाटून राहिली."

जानराव निखारे पाहायला गेला. परतवाड्याच्या जंगलसाहेबाच्या बंगल्यामागे बाभळीचे निखारे फुलले होते. त्यावरच्या जाळीवर मटण भाजायचं होतं आणि सेमाडोहवरून आलेले सिपना नदीचे मासेही. पण त्यावर ओतायची लालचुटूक चटणी पाट्यावरच अडली होती. भाजलेली भेदरं म्हणजे टोमॅटो, लसूण, मिरची, चिंच, गूळ, वरून संत्र्याचा रस. मापं कुठं लिहिलेली नव्हती. माप जिभेवर.

बावीस वर्षांपूर्वी जयवंता या आवारात नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तिचा नवरा गोवर्धन बंगल्याचा माळी होता. तेव्हाचा साहेब जेवणाच्या टेबलावरून ओरडला होता, "सास लाओ! सास!" ती बागेत वाफ्याला पाणी देत होती. सासूला बोलावलंय असं समजून तिने पार्बताबाईंचा हात धरला आणि त्यांना थेट टेबलापुढं नेऊन उभं केलं. गोरी माणसं पोट धरधरून हसली. पार्बताबाई मात्र हसल्या नाहीत. साहेबाला सासू नव्हे, मटणावरचा सॉस हवाय हे खानसाम्याकडून कळल्यावर त्यांनी पाट्यावर चिंच-गूळ घेतला. ज्या घरात मटणाचं नावही काढत नसत, त्या घरातल्या बाईने साहेबाच्या मटणाची चटणी केली. तेव्हापासून आवारातली खोली पक्की झाली, आणि पार्बताबाई पाट्याला बांधल्या गेल्या.

पुढं एके दिवशी त्यांनी सुनेपुढं बोट धरलं होतं. "चाख, पोरी."

"चिंच कमी हाये, आत्याबाई."

पार्बताबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा केवढं ऊन पडलं होतं! त्याच आठवड्यात त्या अकोल्याला बहिणीकडं गेल्या, अकरा वर्षांनी. जयवंता पाट्यावर बसली ती बसलीच. साहेब बदलत गेले. प्रत्येक जाणारा साहेब येणाऱ्याला घड्याळ, घोडा आणि ही बाई सोपवून जाई.

आता तिची लेक मैना चांदूर रेल्वेला पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, पण व्याह्यांनी निरोप धाडला होता, "तुमच्या खोलीत मटणाचा धूर. पोरगी तिथं बाळंतीण होनार नाही." आणि मैनेचा वेगळा निरोप, एवढासाच, "माय, तू ये."

सत्यभामा वाटत होती. मुलाची, सहदेवाची बायको, लग्नाला चारच महिने झालेली. हात नवे, बांगड्या नव्या. वाटता वाटता सासूचीच ओवी गुणगुणत होती:

*पाट्यावर वाटते मी चिंच-गुळाचा गं गोळा,*
*चांदुराच्या वाटेवर माझा गुंतलेला डोळा.*

"झालं काय वं?"

"झालं, आत्याबाई. तुमी जा ताईकडं बिनघोर. मी पाहतो इकडचं."

जयवंताने वाटणात बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं. दुसरं बोट सुनेपुढं धरलं. "चाख."

सत्यभामेने डोळे मिटले. जीभ टाळ्याला लावली. मग हळूच म्हणाली, "चिंच कमी हाये."

बरोबर. रतीभर कमी होती, आणि पोरीने ती पकडली होती. जयवंताला वाटलं, आपल्याही चेहऱ्यावर ऊन पडतंय. ती उठलीसुद्धा. लुगड्याचा काचा सारखा केला. खुंटीवरचं गाठोडं उतरवलं. त्यात मैनेसाठी डिंकाचे लाडू होते. गाठोडं हातात घेऊन तिने मागं पाहिलं, तर सून पाट्यापुढं तश्शीच बसली होती, जशी एकदा ती स्वतः बसली होती, ती बसलीच. चिंचेने बोटांची टोकं काळसर झालेली.

"काय मंग?" जानराव परत आला. "येते काय सूनबाईले?"

"नाही." जयवंता त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली. "हिच्या जिभीले चवच नाही. शंभर वर्सं वाटलं तरी जमनार नाही. सांगा सायेबाले."

सत्यभामेच्या हातातून वरवंटा निसटला.

"अरे देवा," जानराव म्हणाला. "मंग तूच बस बाई." आणि गेला.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाई, असं काहून म्हणलं तुमी? बरोबर तं सांगतलं मी!"

जयवंताने गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. "सहदेव बैल जुपून उभा हाये. एलिचपूरच्या ठेसनावरून गाडी धरा दोघं नवराबायको. मैनेच्या डोक्याले तेल लावजो. कंबर शेकून देजो. माह्या हातानं देल्लं म्हून सांग."

"अन् तुमी?"

"सांगतलं ना. तुले चव नाही."

सत्यभामेने गाठोडं काखेत घेतलं. मग वाकून पायाला हात लावला. दारापर्यंत जाऊन वळली.

"चिंच कमीच व्हती, आत्याबाई."

"माहीत हाये. गप जाय."

बैलांच्या घुंगरांचा आवाज फाटकाबाहेर गेला, सडकेला लागला, विरला. जयवंताने चिंचेचं एक बोटूक कोळून वाटणात टाकलं. वरवंटा फिरवला. चाखलं.

बंगल्यातून हाक आली, "सास लाओ!"

"आली," ती म्हणाली. पदराला हात पुसले आणि वाडगा उचलला.